डीसीएमच्या (डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, हार्ट फुगून कमजोर झालेल्या) पेशंटला भुलीचा गॅस देताना - नवीन जेआरसाठी (ज्युनिअर रेसिडेंट)

ॲनेस्थेशियाला नवीन आलेले जेआर इकोवर ईएफ (एका ठोक्याला हार्ट आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) २५ टक्के बघितला की पहिलं हेच विचारतात, सर सेव्हो (सेव्होफ्लुरेन) लावू की आयसो (आयसोफ्लुरेन)? मीही हेच विचारायचो, पण अशा केसेस करत गेलो तसं माझं मत पक्कं झालं, कुठला गॅस यापेक्षा किती आणि किती हळू हे जास्त महत्त्वाचं.

सगळेच व्होलाटाइल एजंट (म्हणजे हे भुलीचे गॅस) हार्टच्या पेशीत एल-टाइप चॅनलमधून येणारं कॅल्शियम कमी करतात, म्हणून पंपिंग कमी पडतं. नॉर्मल हार्ट ते निभावून नेतं. डीसीएममध्ये एलव्ही (डावं व्हेंट्रिकल) आधीच फुगलेला, रिझर्व्ह संपलेला, पेशंट सिम्पथेटिक टोनच्या (नसांमधून हार्टला आणि रक्तवाहिन्यांना मिळणाऱ्या चालनेच्या) जोरावर तग धरून असतो आणि इंडक्शनला (भूल सुरू करताना) आपण नेमका तोच टोन काढून घेतो, मग प्रेशर धाडकन खाली. हॅलोथेन तर यात फारच वाईट, वर ॲड्रेनालिनसोबत अरिदमिया (ठोक्यांची लय बिघडणं). आयसो, सेव्हो, डेस (डेसफ्लुरेन) हे मुख्यतः एसव्हीआर (रक्तवाहिन्यांचा रोध) उतरवतात, आणि आफ्टरलोड (ज्याच्याविरुद्ध हार्टला रक्त ढकलावं लागतं तो भार) थोडा उतरला तर थकलेल्या एलव्हीला बरंच वाटतं, फक्त डायस्टोलिक इतकं पडायला नको की कोरोनरीलाच रक्त मिळणार नाही. डेसचा डायल मात्र एकदम वाढवू नका, टॅकीकार्डिया (ठोके फार जलद) होतो आणि तो या हार्टला अजिबात झेपत नाही.

आता जे नीट समजून घ्यायला हवं ते. कार्डियाक आउटपुट (हार्ट मिनिटाला पंप करतं ते रक्त) कमी म्हणजे फुफ्फुसातून गॅस उचलणारं रक्तच कमी, त्यामुळे अल्व्हिओलर कॉन्सन्ट्रेशन (फुफ्फुसाच्या वायुकोशांतलं गॅसचं प्रमाण) भराभर चढतं, आयसोसारख्या जास्त विरघळणाऱ्या एजंटचं तर जास्तच, त्याने हार्ट अजून दबतं, आउटपुट अजून घटतो आणि चक्र सुरू. आयव्ही (शिरेतून दिलेल्या) औषधाचं बरोब्बर उलटं, ते मेंदूपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. प्रोपोफॉल दिलं, पेशंट झोपला नाही, म्हणून लगेच अजून दिलं तर थोड्या वेळाने दोन्ही डोस एकदम अंगावर येतात. थांबायला शिका, सिनिअर मागून घाई करत असले तरी.

मी आर्ट लाइन (सतत बीपी दाखवणारी धमनीतली नळी) इंडक्शनच्या आधीच टाकतो, नॉरॲड (प्रेशर वाढवणारं नॉरॲड्रेनालिन) भरून जोडून ठेवतो, फेंटानिल (वेदनाशामक) आणि इटोमिडेट (झोपवणारं औषध) सावकाश, मग सेव्हो अर्ध्या मॅकच्या (गॅसचा किती डोस लागतो ते मोजायचं माप) आसपास, बीआयएस (भुलीची खोली दाखवणारा मॉनिटर) बघत बघत. वय जास्त असेल तर मॅक तसाही कमी लागतो. नजर डायलवर नको, एंड टायडलवर (श्वास सोडताना शेवटी मोजलेलं गॅसचं प्रमाण) हवी. आणि पीएसीच्या (ऑपरेशनआधीची भूलतज्ज्ञाची तपासणी) वेळीच बघून घ्या, बीटा ब्लॉकर सकाळी चालू ठेवायला सांगितलाय ना आणि एसीई इनहिबिटर (बीपी आणि हार्ट फेल्युअरचं औषध) २४ तास आधी थांबवलाय की नाही, कारण तो चालू राहिला तर इंडक्शननंतरचं प्रेशर वर आणायला फार झगडावं लागतं.