मुलांसाठी क्लाइंबिंगचा हार्नेस घेताय? वाढत्या अंगाचा घेऊ नका

जूनमध्ये शाळेचा युनिफॉर्म घेताना "वाढत्या अंगाचा द्या हो" असं आपण सगळेच सांगतो, माझ्या आईने मला तसाच घेतला आणि मीही लेकीला तसाच घेते, पण हार्नेसच्या, म्हणजे चढताना दोरी बांधायला अंगावर घालतात त्या पट्ट्यांच्या, बाबतीत हे अजिबात करू नका. मागच्या मे महिन्यात एका शिबिरात माझ्या ६ वर्षांच्या लेकीला मोठ्या मुलांचा कमरेचा हार्नेस पट्टे शेवटपर्यंत ओढून घातला होता, चार-पाच फुटांवर तिचा हात सुटला आणि पोरगी दोरीवर उलटी झाली, डोकं खाली पाय वर. लागलं काही नाही, पण कमरेचा पट्टा मांड्यांकडे सरकलेला मी डोळ्यांनी बघितला आणि त्या रात्री झोप नाही लागली.

असं होतं कारण लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि कंबर अजून कंबर झालेलीच नसते, छातीपासून मांडीपर्यंत सगळं सरळ, मग पट्ट्याला अडायला हाडच मिळत नाही. फुल-बॉडी हार्नेसमध्ये खांद्यावरून पट्टे येतात आणि दोरी छातीजवळ बांधली जाते, त्यामुळे पडलं तरी मूल बसल्यासारखं सरळ राहतं.

आधी मापं घ्या. वजन, कमरेच्या हाडाच्या वरचा घेर आणि मांडीचा घेर, घरातली शिवणाची टेप चालते. ऑनलाइन मागवताना वय बघून मागवू नका, कंपनीच्या साइज चार्टशी ही मापं जुळवा.

मग फुल-बॉडी की कमरेचा ते ठरवा. कुणाचा तरी मुलांचा कमरेचा हार्नेस मिळाला तर तो हाडाच्या वर नीट आवळा आणि दोन्ही हातांनी जोर लावून खाली ओढा, हाडावरून खाली आला तर विषय संपला, फुल-बॉडीच घ्या. साधारण ७-८ वर्षांपर्यंत बहुतेकांना तोच बरा असं माझं मत, अंगाने बारीक मुलांना त्याहून जास्त दिवस. नुसत्या वजनावर जाऊ नका, पेट्झल (Petzl) कंपनीचा विस्तिती (Ouistiti) फुल-बॉडी आहे आणि माचू (Macchu) कमरेचा, आणि दोन्ही ४० किलोच्या आतल्या मुलांसाठीच आहेत.

लेबल वाचा. इएन १२२७७ (EN 12277, हे हार्नेसचं युरोपियन सुरक्षा मानक) लिहिलेलं हवं, त्यात टाइप बी म्हणजे ४० किलोपर्यंतचा लहान फुल-बॉडी आणि टाइप सी म्हणजे कमरेचा. म्हापशाच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात बांधकामावरचे सेफ्टी बेल्ट स्वस्तात मिळतात, ते मोठ्या माणसाच्या मापाचे, कडी पाठीवर, मुलाला घालूच नका. सेकंडहँडही अनोळखी माणसाकडून नको, तो किती जुना आणि कुठे पडून होता ते पट्टा बघून कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लटकवून बघा. गोव्यातल्या जुन्या घरांत झोपाळ्याच्या कड्या असतातच, दोन मोठी माणसं झुलतात अशी पक्की कडी निवडा, खाली गादी घाला, लॉकवाला कॅराबिनर (उघडता येणारी धातूची कडी) वापरा आणि मुलाला जमिनीपासून फक्त वीतभर वर ५ मिनिटं लटकू दे, तुम्ही हात लावून बाजूलाच उभे राहा. (टॅग आत्ताच कापू नका, बदलून घ्यावा लागला तर.) काखेत काचतंय का, मांडीत रुततंय का ते विचारा, "काय नाय गे आई" म्हणाली तरी चेहरा बघा. मांडीच्या पट्ट्यात तुमचा सपाट तळहात जायला हवा पण मूठ फिरायला नको, आणि बकलमधून बाहेर आलेलं पट्ट्याचं टोक निदान ७-८ सेंटिमीटर हवं. जुन्या पद्धतीच्या बकलात पट्टा परत उलटा ओवावा लागतो, ते विसरलं तर पट्टा सुटू शकतो, म्हणून हे रोज चढायच्या आधी तपासा. दोरी कुठून ओवायची ते त्या हार्नेसच्या पुस्तिकेतच बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं.

आपल्याकडे पाऊस, खारी हवा आणि किनाऱ्यावरची रेती, तिन्ही वाईट. साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, उन्हात नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ तर कधीच ठेवू नका, ॲसिडने नायलॉन आतून खलास होतं आणि वरून दिसत पण नाही. दर ३ महिन्यांनी मापं परत घ्या, मुलं गणेश चवथीपासून शिगम्यापर्यंत केवढी वाढतात ते माहीतच आहे. पट्टा उसवला, कडक झाला किंवा पुस्तिकेत दिलेली वर्षं संपली की कात्रीने कापूनच टाका, नाहीतर उद्या कुणीतरी त्याच पट्ट्याने पोराला आंब्यावर चढवेल.