मोटरहोमसाठी टीव्ही कसा निवडावा

मोटरहोमसाठी, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, टीव्ही घ्यायला गेलात की आधी त्याची पाठ बघा. मागच्या लेबलवर ‘१००–२४० व्होल्ट एसी’ छापलं असेल, तर तो टीव्ही गाडीत इन्व्हर्टरशिवाय चालणार नाही. ‘डीसी १२ व्होल्ट, ३ अँपिअर’ असं असेल, तर तो गाडीच्या बॅटरीवर चालवता येतो. इंच, रंग, रिमोट हे सगळं त्यानंतर. घरी टीव्हीने खाल्लेली वीज महिन्याच्या बिलात विरून जाते. गाडीत मात्र ती रात्री पंखा मंदावला की लगेच जाणवते.

१. आधी बॅटरीचा हिशेब

२४ इंची एलईडी टीव्ही साधारण ३० वॅट घेतो. चार तास बघितला तर १२० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून १० अँपिअर-तास (बॅटरीतली वीज याच मापात मोजतात). तोच टीव्ही इन्व्हर्टरवर लावला की रूपांतरात १०–१५ टक्के वीज जाते, शिवाय इन्व्हर्टर स्वतः चालू राहण्यासाठी आणखी दहाएक वॅट घेतो. म्हणजे १० चे १५ अँपिअर-तास झाले. टीव्ही बंद करून इन्व्हर्टर तसाच चालू राहिला, तर सकाळपर्यंत आणखी सहा-सात गेले.

१०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हातात खरे ५०. त्यातच पंखा, दिवे, पाण्याचा पंप आणि असला तर फ्रीज. लिथियम बॅटरी असेल तर ८०–९० वापरता येतात आणि मग ३२ इंचीचा विचार करायला हरकत नाही. लेड-ॲसिडवर मात्र २४ इंचीच्या पुढे जाऊ नका.

२. बारा म्हणजे नेमके बारा नसतात

सगळ्यात जास्त टीव्ही इथे जळतात, म्हणून हे नीट समजून घ्या. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना चार्जिंगचे १४.४. टीव्हीसोबत येणारा ॲडॉप्टर मात्र कायम १२ देतो आणि टीव्हीची रचना त्याच भरवशावर केलेली असते. लेबलवर ‘१०–१६ व्होल्ट’ अशी मर्यादा छापलेली नसेल, तर मध्ये बक-बूस्ट रेग्युलेटर बसवा. आत ९ ते १८ व्होल्ट काहीही येवो, बाहेर स्थिर १२ गेले पाहिजेत. नुसता व्होल्टेज उतरवणारा, म्हणजे स्टेप-डाउन, घेऊ नका. बॅटरी ११.८ वर आली की तो काही कामाचा नाही. ३ अँपिअरच्या टीव्हीला ५ अँपिअरचा रेग्युलेटर घ्या आणि तो प्लायच्या बंद कप्प्यात न कोंबता पत्र्यावर स्क्रूने बसवा, कारण तो तापतो. बसच्या मोठ्या चासीवर बांधलेल्या गाडीत २४ व्होल्ट असतात. तिथे २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लागतो.

वायरही तितकीच महत्त्वाची. बॅटरीपासून टीव्ही ४ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर तांबं झालं. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत ३ अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट गळतात, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.२ हून कमी. आवाज वाढवला किंवा पडद्यावर पांढरंशुभ्र दृश्य आलं की टीव्ही बंद पडून पुन्हा सुरू होतो ना, त्यामागे बहुतेक वेळा ही बारीक वायर असते. टीव्ही बिघडला समजून तो बदलू नका. बॅटरीच्या टोकाजवळ ५ अँपिअरचा फ्यूज टाका. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर विसंबू नका, खड्ड्यात त्याची स्प्रिंग सैल होते.

३. दुकानात काय तपासायचं

पुण्यातल्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाताना १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी (यूपीएसमध्ये असते ती) आणि मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) बरोबर न्या. टीव्ही त्या बॅटरीवर वीस मिनिटं चालवून बघा, प्रकाश आणि आवाज पूर्ण वाढवून. पिन जोडण्याआधी मधला भाग धन आहे ना हे लेबलवरच्या चिन्हाशी ताडून घ्या. बाहेरून ५.५ मिलिमीटरची दिसणारी पिन आतून २.१ ची असते किंवा २.५ ची. २.५ चा प्लग २.१ च्या खुंटीवर बसतो खरा, पण सैल. दुकानात चालतो, घाटात सुटतो.

मग टीव्हीकडे खालून आणि कडेने बघा. गाडीत आपण बरेचदा आडवे पडून बघतो. खाली वाकल्यावर चेहरे काळवंडले तर तो पॅनेल नको. आयपीएस पॅनेल या बाबतीत चांगला. दीड मीटरवरून २४ इंची बघताना फोर-के आणि साध्या एचडीतला फरक सहसा जाणवत नाही, ते पैसे वायर आणि रेग्युलेटरवर घाला. डीसीवर चालवल्यास वॉरंटी राहते का, हे बिल करण्याआधी विचारा.

४. भिंत आणि स्टँड

२४ इंचीची रुंदी साधारण ५५ सेंटिमीटर, ३२ इंचीची ७२. पुठ्ठा त्या मापाचा कापून भिंतीवर धरा आणि कपाटाचं दार उघडतं का, बिछान्याकडे जाताना डोकं लागतं का ते बघा. टीव्हीच्या मागची भोकं ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात असतील तर बहुतेक स्टँड बसतात. घरगुती स्टँड नको, प्रवासात हात जागेवर अडकवणारं लॉक हवं. आतल्या पातळ पॅनेलवर स्क्रू टिकत नाहीत, मागे १२ मिलिमीटरची प्लाय टाकून ती गाडीच्या सांगाड्याला बोल्टने कसा. पडदा चालकाच्या नजरेत येईल अशा जागी लावू नका.

५. बघणार काय?

छतावरच्या जुन्या अँटेनाचा नाद सोडा, दूरदर्शनने ॲनालॉग प्रसारण देशात जवळपास सगळीकडे बंद केलं आहे. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्वेवरून येतं. पुण्यातून तबकडी आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३२ अंशांवर लावायची आणि उपग्रह क्षितिजापासून ५९ अंश वर असतो. इतक्या उंचीमुळे मुळशी-ताम्हिणीतले डोंगर सहसा आड येत नाहीत, जवळचं झाड मात्र येतं. ते बघूनच गाडी लावा. मोबाइलचा होकायंत्र गाडीच्या पत्र्याजवळ चुकतो, दोन-तीन मीटर लांब उभे राहून दिशा धरा. नेहमीची ऑफसेट तबकडी मुळातच वीसेक अंश वर बघते, त्यामुळे ती वाटते त्यापेक्षा उभी ठेवावी लागते. मग एलएनबी (तबकडीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) थोडाथोडा फिरवत ‘क्वालिटी’ची पट्टी वाढवा, ‘स्ट्रेंग्थ’ची नव्हे. निम्मेच चॅनेल दिसताहेत? आधी केबलचे जोड तपासा. उपग्रह ट्यूनर आतच असलेला टीव्ही मिळाला तर सेट-टॉप बॉक्सची वीजही वाचते.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एचडी चित्रपट तासाला दोन-तीन जीबी खातो आणि घाटात रेंज जाते. निघण्यापूर्वी पेनड्राइव्ह भरून टीव्हीवर चालवून बघा. फॅट३२ पेनड्राइव्हमध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

६. निघताना

इंजिन सुरू करण्याआधी टीव्हीचा वेगळा स्विच बंद करा, रिमोटने नव्हे. स्टार्टर फिरताना व्होल्टेज घसरतं आणि लगेच उसळतं. टीव्ही भिंतीवरून काढून नेत असाल तर उभाच ठेवा. आडवा ठेवून वर गाद्या टाकल्या की पॅनेलला कोपऱ्यातून तडा जातो. एप्रिलमध्ये गाडी उन्हात बंद उभी राहणार असेल तर पडद्यावर जाड कापड टाका आणि संध्याकाळी दारं उघडून आतली हवा निवल्यावरच टीव्ही लावा. कोकणातून परतल्यावर एचडीएमआयची भोकं कोरड्या ब्रशने साफ करा, खाऱ्या हवेने त्यांच्या टोकांवर हिरवट थर धरतो.