आदिमानवाच्या सवयी: सुरण, उकिडवे बसणे आणि पाठीवरचे ओझे

पॅलिओ आहार, म्हणजे आदिमानवासारखं खाणं, म्हटलं की मटणाचं ताट डोळ्यांसमोर येतं आणि पहिली गदा येते ती भाकरीवर. पण जॉर्डनमधल्या शुबायका इथे सुमारे 14,400 वर्षांपूर्वीचे, म्हणजे तिथे शेती सुरू होण्याच्याही आधीचे, रोटीचे जळके तुकडे सापडले आहेत. तेव्हा भाकरी राहू द्या; मैदा, साखर आणि पाकिटातला खाऊ कमी करा.

टांझानियात एयासी सरोवराच्या आसपास राहणारे काही हाद्झा लोक आजही शिकारीवर आणि रानातून गोळा केलेल्या अन्नावर जगतात. कंद, रानफळं, गोरखचिंच, मध आणि मांस हे त्यांचं खाणं. आपल्याकडे कंद म्हणजे रताळी, सुरण, अळकुड्या, करांदे. आठवड्यातून तीनदा भाताऐवजी 150 ते 200 ग्रॅम शिजवलेला कंद घ्या. मधुमेह असेल तर याचीही मोजदाद ठेवावी लागेल. रानातले अनोळखी कंद मात्र स्वतःच्या भरवशावर उकरून खाऊ नका. काही विषारी असतात.

सुरण घसा खाजवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हाताला तेल लावून जाड साल काढा. पाव किलो फोडींना लिंबाएवढी चिंच किंवा 5-6 आमसुलं घाला आणि मऊ होईपर्यंत शिजवून पाणी फेकून द्या. नुसत्या पाण्यात उकडला तर खाज पुरती जातेच असं नाही, आंबट हवंच. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी सुरणाच्या वाटेला जाऊ नये.

भाज्या, कंद, कडधान्यं एकदम वाढवली की पोट फुगतं. आठवड्याला एक वाटी वाढवा, पाणीही वाढवा.

आता बसणं. हाद्झाही दिवसाचे नऊ-दहा तास बसूनच काढतात! फरक इतकाच, की त्यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, त्यामुळे पायांचे स्नायू काम करत राहतात. खुर्चीत स्नायू सुटी घेतात. दाराची चौकट धरून 30 सेकंद उकिडवे बसा, दिवसातून पाच वेळा. टाचा उचलल्या जात असतील तर घोटा आखडलेला आहे. टाचांखाली 2-3 सेंटीमीटर जाडीची फळी ठेवा आणि महिन्याभरात ती हळूहळू पातळ करा. पायाला मुंग्या आल्या तर लगेच उठा, नस दबतेय. गुडघा झिजलेला असेल तर हा प्रकार सोडा.

हाद्झा पुरुष रोज सरासरी 11 किलोमीटर चालतात, बायका साधारण 6. तेवढं जमलं नाही तरी 45 मिनिटं चाला आणि पाठीवर ओझं घ्या. वजन 60 किलो असेल तर 3 किलोपासून सुरुवात करा, दर दोन आठवड्यांनी 1 किलो वाढवत 6 किलोपर्यंत जा. तांदळाची पिशवी उत्तम, पण ती सॅकच्या तळाशी टाकू नका. खाली टॉवेल भरून ती खांद्यांच्या फऱ्यांजवळ आणा. ओझं खाली लोंबलं की माणूस पुढे वाकतो आणि कंबर धरते.