वाइडबँड फिल्टर: आधी वही, मग सिम्युलेटर

आमच्या लॅबमध्ये दर वर्षी प्रोजेक्टची मुलं फिल्टर बनवायला येतात, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा ठरावीक पट्टा तेवढा जाऊ देणारं आणि बाकीचं अडवणारं सर्किट. पहिल्याच दिवशी सिम्युलेटर उघडून, ऑप्टिमायझर (मापं आपोआप बदलून पाहणारं साधन) लावून घरी जातात. रात्रभर मशीन तापतं आणि सकाळी हातात कसलाच अर्थ न लागणारा ग्राफ येतो. म्हणून मी आधी वही आणि कॅल्क्युलेटर काढायला लावते.

फ्रिक्वेन्सीचा पट्टा घेऊ ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे अमेरिकेच्या एफसीसीने (तिथली दूरसंचार नियामक संस्था) २००२ साली अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे अतिरुंद पट्ट्याच्या रेडिओसाठी खुला केलेला. मध्य ६.८५ आणि रुंदी ७.५, रुंदीच मध्यापेक्षा जास्त! इथे नेहमीसारखे एकामागून एक रेझोनेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सींना घुमणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) जोडत बसलात तर सर्किट बोर्ड लांबतच जातो. त्यापेक्षा एकच रेझोनेटर घ्यायचा आणि त्याचे तीन मोड, म्हणजे तो ज्या फ्रिक्वेन्सींना घुमतो त्या तीन जागा, कामाला लावायचे.

रचना सोपी आहे. मध्ये (६.८५ गिगाहर्ट्झच्या) अर्ध्या तरंगलांबीची जाड, म्हणजे रुंद पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना पाव-पाव तरंगलांबीच्या बारीक पट्ट्या. बारीक पट्टीचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) भागिले जाड पट्टीचा, हे गुणोत्तर म्हणजे सगळी गंमत. मधला मोड ६.८५ वरून हलत नाही. खालचा काढायला गुणोत्तराचं वर्गमूळ घ्या, त्याचा टॅन-इन्व्हर्स अंशांत काढा, ९० ने भागा, ६.८५ ने गुणा. वरचा मोड मध्यापासून तितकाच पलीकडे. गुणोत्तर १ असेल तर मोड ३.४३ आणि १०.२८ वर येतात. २ केलं की ४.१७ आणि ९.५३; ३ केलं की ४.५७ आणि ९.१३. गुणोत्तर वाढवाल तसा पट्टा आकसतो. मी २ पासून सुरुवात करते: बारीक पट्टी १०० ओहम आणि जाड ५० ओहम.

बोर्ड रॉजर्स कंपनीचा आरओ४००३सी, जाडी ०.५०८ मिमी, डिझाइनसाठी डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट (बोर्डाच्या मटेरियलमुळे तरंग किती आखूड होतात ते ठरवणारा आकडा) ३.५५. नेहमीचा एफआर-४ बोर्ड स्वस्त पडतो, पण त्याचा लॉस टँजंट (मटेरियल सिग्नल किती खातं त्याचं माप) ०.०२ च्या आसपास आणि रॉजर्सचा ०.००२७; १० गिगाहर्ट्झला हा फरक झोंबतो. या बोर्डवर ५० ओहमची पट्टी साधारण १.१४ मिमी रुंद आणि १३.१ मिमी लांब येते. १०० ओहमची ०.२९ मिमी रुंद, आणि लांबी ६.८५ मिमी. गिगाहर्ट्झचा आकडा मिलिमीटरमध्ये उतरला हा निव्वळ योगायोग, पण मुलांच्या तो पक्का लक्षात राहतो. एकूण लांबी २७ मिमीच्या आत. जागा वाचवायची तर जाड पट्टी यू आकारात दुमडा, कोपरे ४५ अंशांत छाटा आणि दोन बाहूंमध्ये बोर्डाच्या जाडीच्या तिप्पट, म्हणजे दीडेक मिमी अंतर ठेवा. त्याहून जवळ आणलंत तर बाहू एकमेकांशी कुजबुजायला लागतात आणि वहीतले आकडे सरकतात.

खरी कसोटी कपलिंगची, म्हणजे फटीपलीकडच्या पट्टीत सिग्नल किती उतरतो त्याची. इनपुट-आउटपुटच्या बारीक पट्ट्या रेझोनेटरच्या टोकांना पाव तरंगलांबीभर खेटून धावतात आणि फ्रिक्वेन्सीच्या एवढ्या रुंद पट्ट्यासाठी मधली फट अगदी कमी लागते. एका बॅचला मी ०.१ मिमी आखून पाठवली. बोर्ड आले, मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर फट ०.१४. एचिंगमध्ये, म्हणजे रसायनाने नको ते तांबं काढताना, कडा खाल्ल्या गेल्या होत्या. नेटवर्क अ‍ॅनालायझरवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पार होतो ते दाखवणारं यंत्र) सपाट पठाराऐवजी तीन सुळके आणि मध्ये दोन दऱ्या. कपलिंग सैल पडलं की तिन्ही मोड असे वेगवेगळे उघडे पडतात. हे चित्र ओळखायला शिका.

तेव्हापासून मी तांबं ३५ ऐवजी १८ मायक्रॉनचं मागवते, पातळ असलं की कडा कमी खाल्ल्या जातात, आणि कपलिंगच्या बरोबर खाली ग्राउंडमध्ये (बोर्डाच्या मागच्या सलग तांब्यात) खिडकी कापते. तिने कपलिंग घट्ट होतं, त्यामुळे फट थोडी मोठी ठेवली तरी चालते. मात्र खिडकीखाली हवा हवीच. एका मुलाने बोर्ड सरळ अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर स्क्रूने आवळला आणि दोन दिवस सोल्डरिंगला दोष देत बसला. प्लेटने खिडकीच बुजवली होती! ऑर्डर देताना आणखी दोन गोष्टी लिहून द्या: फिल्टरवर सोल्डर मास्क (बोर्डावरचा रंगीत संरक्षक थर) नको आणि निकेलवरचं सोन्याचं फिनिश नको. मास्क फ्रिक्वेन्सी खाली ओढतो, निकेल लॉस वाढवतं.

आता सिम्युलेटर उघडा. आधी फट आणि खिडकी, मग कपलिंगची लांबी, शेवटी जाड पट्टीची रुंदी. एका वेळी एकच माप हलवा.

५ गिगाहर्ट्झचं वायफाय याच पट्ट्यात बसतं. ते अडवायला इनपुटच्या ५० ओहम पट्टीतच एल आकाराची बारीक चीर पाडा, ५.५ गिगाहर्ट्झसाठी लांबी साधारण ८ मिमी, बाहेर वेगळी जागा लागत नाही. चीर थोडी लांब केली की नॉच, म्हणजे अडवलेली जागा, खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो.

आणि फाइल पाठवण्याआधी लेआउट कागदावर एकास एक प्रिंट करून त्यावर खरा एसएमए कनेक्टर (केबल जोडायचा छोटा स्क्रूवाला कनेक्टर) ठेवून पाहा. माझ्या पहिल्या बोर्डवर दोन कनेक्टर शेजारी-शेजारी मावतच नव्हते.