आवाज कुणाचं ऐकतोय?

जुन्या फोर बाय फोर गाडीतून नवा आवाज आला की आपण लगेच विचारतो, "कुठून येतोय?" मीही हेच विचारलं होतं. ५०च्या पुढे मागून घरघर येत होती, म्हणजे मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी दात्यांची पेटी), असं छातीठोकपणे ठरवून टाकलं. बेअरिंगं बदलली, क्राऊन-पिनियनची, म्हणजे त्यातल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांमधली, फट पुन्हा लावली, दोन रविवार गाडीखाली पाठ टेकून घालवले. घरघर जशीच्या तशी. दोष निघाला पुढे. डाव्या चाकाच्या हबची (मधल्या भागाची) डायल 'फ्री'वर, म्हणजे चाक ॲक्सलपासून सुटं, अशी होती, पण आतून हब सुटतच नव्हता. ते एकटं चाक पुढच्या डिफरन्शियलमधले दाते उगाच फिरवत बसलं होतं आणि तिथलं बेअरिंग वाजत होतं. चासी म्हणजे पुढून मागेपर्यंत गेलेलं सलग लोखंड. पुढची चुगली ती मागच्या सीटखाली येऊन सांगते.

तेव्हापासून मी जागा शोधत नाही. आधी बघतो, आवाज कुणाचं ऐकतोय: इंजिनचं, चाकांचं, ॲक्सिलरेटरचं की स्टिअरिंगचं?

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. आवाज येतोय? क्लच दाबा. दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग नाहीतर लेशाफ्ट (गिअरबॉक्समधला जोडदांडा) बघायचा. दाबल्यावर सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. एवढ्याने निम्मी गाडी यादीतून बाद होते.

मग मोकळा, सरळ रस्ता शोधा. ६०ला पोचा, न्यूट्रल करा, इंजिन मात्र चालूच ठेवा. बंद केलंत तर ब्रेकची मदत जाते आणि किल्ली फार मागे फिरली तर स्टिअरिंगही अडकतं. इंजिन आयडलवर आलं तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबरच उतरत असेल, तर तो ट्रान्सफर केसपासून (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) चाकापर्यंत कुठेतरी आहे. आता थोडा हिशेब. चाकाचा घेर २.३ मीटर धरला तर ६०ला चाक सेकंदाला साधारण ७ फेरे मारतं. डिफरन्शियलचं प्रमाण ४.१ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१, तर प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून डिफरन्शियलपर्यंतचा लांब दांडा) त्याच वेळी ३०च्या आसपास. म्हणून चाकाचा दोष धडधडतो, जवळजवळ मोजता येतो. शाफ्टचा दोष बुडाखाली बारीक थरथरतो.

पुढची पायरी पायाची. वेग तोच ठेवून ॲक्सिलरेटर किंचित दाबा, मग सोडा. दाबल्यावर रडतो आणि सोडल्यावर गप्प होतो, किंवा नेमकं उलट, तर संशय क्राऊन-पिनियनच्या दात्यांवर. दाबा-सोडा, त्याला काहीच फरक पडत नसेल तर बेअरिंग किंवा टायर. टायरचं सोंग ओळखायला सोपं: रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की त्याचा सूर बदलतो. जाड नक्षीचे टायर एका बाजूने झिजले की हुबेहूब बेअरिंगसारखे घुमतात, आणि यात भलेभले फसतात.

बेअरिंगसाठी गाडी हलकेच डावीउजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर उजवी बाजू. मग चाक उचलून वर आणि खाली धरून हलवून बघा. खात्री करायची असेल तर वीसेक मिनिटं चालवून चारही हब तपासा; एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे तापलेला असेल तर तोच. हात आधी जवळ न्यायचा, मग लावायचा.

काही आवाज मात्र आपलं नाव सांगत येतात. हळू चालताना खालून चिवचिव, वेगाबरोबर चढत जाणारी: प्रोपेलर शाफ्टचा कोरडा क्रॉस, म्हणजे टोकाचा वाकता जोड. पूर्ण वळणावर कटकटकट: पुढचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा जोड). गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना एकच 'खट्': क्रॉस, शाफ्टचा सरकता जोड किंवा पिनियनचा ढिलेपणा. या 'खट्'वर पैसे खर्च करण्याआधी ग्रीस गन हातात घ्या. सरकत्या जोडाच्या निपलमध्ये ग्रीस मारलं आणि आवाज गेला, असं माझ्या बाबतीत निदान तीनदा झालंय. ग्रीसने नाही गेला तर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, चाकांना ठोकळे लावून, शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसमध्ये जाणवेल असा खेळ असता कामा नये.

फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचा गिअर) जोर लावताना दात सुटल्यासारखा दणका बसला आणि तुमच्या ट्रान्सफर केसमध्ये साखळी असेल, तर बहुधा ती ताणली गेलीय. पण कोरड्या डांबरावर फोर हाय लावून वळलात आणि गाडी अडखळून 'धाड' म्हणाली, तर तो बिघाड नाही, तुमची चूक आहे. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि सेंटर डिफरन्शियल (पुढचा आणि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नसलेल्या गाडीत दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने बांधलेले असतात. तो पीळ कुठेतरी सुटणारच. पुढेमागे वेगवेगळ्या घेराचे टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हेच होतं.

तरीही पुढचं की मागचं ठरत नसेल तर शेवटचा उपाय. हब फ्री करून टू हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) चालवा, मग हब लॉक करून टू हायमध्येच. फरक पडला तर दोष पुढे. माझ्यासारखा हबच खोटं बोलत असेल, तर पुढची दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवा. फ्री असूनही एखादं जड जातंय आणि आतून दात्यांची घरघर येतेय, तर तो हब सुटलेला नाही. त्याहून पक्कं म्हणजे पुढचा शाफ्ट काढून चालवणं. काढण्याआधी जोडांवर रंगाची खूण करा. शाफ्ट फिरवून बसवला तर नवी थरथर पदरात पडते. सेंटर डिफरन्शियल असेल तर तो लॉक केल्याशिवाय एका शाफ्टवर गाडी हलणार नाही. मागचा शाफ्ट काढायच्या फंदात शक्यतो पडू नका: काही गाड्यांत तिथून ट्रान्सफर केसचं ऑइल वाहतं, काहींत हँडब्रेक त्याच शाफ्टवर असतो, म्हणजे शाफ्ट गेला की हँडब्रेकही गेला.

आणि हो, गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास नको, स्टँड लावा. एकच चाक उचलून गिअरमध्ये गाडी फिरवणं तर अजिबात नको. लिमिटेड स्लिप (एक चाक मोकळं फिरलं तरी दुसऱ्यालाही ताकद देणारा डिफरन्शियल) असेल किंवा फोर लागलेलं राहिलं असेल, तर जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून खाली ओढतं.

काहीही उघडण्याआधी ऑइलचा ड्रेन प्लग काढून बघा. प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर गाडी तिथेच उभी करा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय: तापलेला डिफरन्शियल ओढ्यात बुडाला की थंड होताना सीलमधून पाणी आत ओढतो, आणि ते चिखलाने बुजलेल्या ब्रीदरमुळे (आतली हवा बाहेर-आत जाऊ देणारं भोक). ब्रीदर साफ न करता नुसतं ऑइल बदललंत तर पुढच्या ओढ्यानंतर पुन्हा हेच.