थाई राजवंशातील राजकारण्याची चरित्रनोंद कशी लिहावी : कुक्रित प्रामोज यांच्या निमित्ताने

थायलंडच्या एखाद्या राजवंशीय राजकारण्याविषयी मराठीत लिहायला बसले की बहुतेकदा पहिल्याच वाक्यात चूक होते. ‘राजपुत्र कुक्रित प्रामोज हे थायलंडचे पंतप्रधान होते’ हे वाक्य सरळ वाटते. पण त्यातील पहिलाच शब्द चुकीचा आहे, आणि तो चुकला की या माणसाची पुढची कारकीर्द शक्य कशी झाली हेच कळेनासे होते. म्हणून नोंदीची तयारी जन्मतारखेपासून न करता उपाधीपासून करावी.

कुक्रित यांच्या नावाआधी ‘मोम राजवोंग’ असे लिहिलेले आढळेल. दुसरा शब्द आपल्या ‘राजवंश’चेच थाई रूप आहे. थाई पद्धतीत राजकुळातील दर्जा पिढीगणिक उतरत जातो आणि तो वडिलांकडूनच येतो. ‘मोम चाओ’ ही राजघराण्यात गणली जाणारी शेवटची पायरी. मोम चाओंची मुले मोम राजवोंग, त्यांची मुले मोम लुआंग, आणि त्यानंतर उपाधी संपते. मोम राजवोंग हा कायद्याच्या दृष्टीने सामान्य नागरिक असतो, त्यामुळे ‘राजपुत्र’ न लिहिता ‘राजवंशातील’ किंवा ‘राजकुलोत्पन्न’ असे लिहावे. ‘मोम’ हा शब्द एकटा आला तर आणखी सावध राहावे, कारण राजपुत्राशी विवाह झालेल्या सामान्य कुळातील स्त्रीलाही ‘मोम’च म्हणतात. कुक्रित यांच्या आई मोम डेंग या त्या अर्थाने मोम होत्या. त्यांचे बुन्नाग घराणे सतराव्या शतकाच्या आरंभी अयुध्या या सयामच्या तेव्हाच्या राजधानीत आलेल्या एका इराणी व्यापाऱ्यापासून सुरू झाले.

मग वंशावळ मांडावी आणि ती उपाधीशी ताडून पाहावी. थायलंडचे राजे दुसरे राम, त्यांचे पुत्र प्रामोज, प्रामोज यांचे पुत्र खामरोब आणि खामरोब यांचे पुत्र कुक्रित. म्हणजे कुक्रित हे दुसऱ्या राम राजांचे पणतू ठरतात. आजोबांचे नाव पुढे आडनाव झाले, हेही येथेच नोंदवावे. खामरोब यांचा उल्लेख ‘फ्रा ओंग चाओ’ या वरच्या उपाधीने केलेला पाहून गोंधळ होईल; परंतु ते जन्माने मोम चाओ होते आणि वरचा दर्जा त्यांना नंतर मिळाला, म्हणून मुले मोम राजवोंगच राहिली.

एवढी चिकित्सा कशासाठी, याचे उत्तर १९३२ साली आहे. त्या वर्षी २४ जूनला अनियंत्रित राजसत्ता संपली आणि डिसेंबरच्या राज्यघटनेने मोम चाओ व त्यावरील राजकुटुंबीय राजकारणाच्या वर आहेत, म्हणजे व्यवहारात राजकारणाबाहेर आहेत, असे ठरवले. रेषा मोम चाओच्या खाली ओढली गेल्यामुळे कुक्रित आणि त्यांचे थोरले बंधू सेनी अगदी एका पायरीने तिच्या अलीकडे राहिले. राजरक्ताचा मान मिळाला आणि निवडणूक लढवण्याची मोकळीकही. ही रेषा जुनी झाली असे समजू नये. १९७२ मध्ये राजकन्येची उपाधी सोडलेल्या, राजाच्या थोरल्या भगिनी उबोलरतना यांचे नाव एका पक्षाने ८ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानपदासाठी पुढे केले, त्याच दिवशी राजाने ते अनुचित ठरवले, आणि ७ मार्चला तो पक्षच न्यायालयाने विसर्जित केला.

नावाबाबत दोन पथ्ये पाळावीत. थायलंडमध्ये आडनावे १९१३च्या कायद्याने आली आणि आजही माणसाला पहिल्या नावानेच ओळखतात. म्हणून सूचीत नोंद ‘क’खाली लावावी आणि मजकुरात ‘प्रामोज म्हणाले’ असे न लिहिता ‘कुक्रित म्हणाले’ असे लिहावे. दोघे भाऊ पंतप्रधान झाल्यामुळे आडनावाने लिहिणारा येथे हमखास फसतो. उच्चार ‘खुक्रित प्रामोत’च्या जवळ जातो, कारण थाईत शब्दाच्या शेवटचा ज हा त होतो, लिपीनुसार लिहायचे की उच्चारानुसार, हे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे.

तारखा थाई साधनांत बौद्ध संवतात असतात. त्यातून ५४३ वजा केले की इसवी सन मिळतो, मात्र १९४१ पूर्वी हे वर्ष १ एप्रिलला बदलत असे. शकाचे रूपांतर करताना जानेवारी ते मार्चसाठी ७८ऐवजी ७९ मिळवण्याची सवय असलेल्या मराठी लेखकाला ही अडचण नवी नाही. येथे त्या महिन्यांसाठी ५४२ वजा करावेत. सातव्या राम राजांनी २ मार्च २४७७ रोजी राज्यत्याग केला, तो १९३४ नव्हे तर १९३५. कुक्रित यांचा जन्म २० एप्रिल २४५४चा असल्याने १९११ हे साल बिनधोक आहे.

कारकीर्द लिहिताना सगळ्या वर्षांना सारखी जागा देऊ नये. ऑक्सफर्डचे शिक्षण, १९५० मध्ये काढलेले ‘सयाम रथ’ हे वृत्तपत्र, १९७४ मधील सोशल अ‍ॅक्शन पक्षाची स्थापना एकेका वाक्यात उरकता येते. १९६३च्या एका हॉलिवूड चित्रपटात मार्लन ब्रँडोसमोर त्यांनी काल्पनिक देशाच्या पंतप्रधानाची भूमिका केली, हा किस्सा सगळेच देतात. द्यावा, पण त्याने नोंद व्यापू नये. त्यापेक्षा ‘खोन’ या मुखवटानाट्यात त्यांनी थोत्सकान, म्हणजे दशकंठ रावण, साकारला हे आपल्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल.

विस्तार करायचा तो १९७५चा. जानेवारीतील निवडणुकीत २६९पैकी ७२ जागा मिळालेल्या डेमोक्रॅट पक्षाचे नेते सेनी फेब्रुवारीत पंतप्रधान झाले आणि ६ मार्चला त्यांच्या सरकारवर सभागृहाने विश्वास नाकारला. त्यानंतर अवघ्या १८ जागांच्या बळावर धाकट्या भावाने अनेक लहानमोठे पक्ष जुळवून सरकार बनवले. ३० एप्रिलला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडली, आणि १ जुलैला कुक्रित यांनी पेकिंगमध्ये (आजचे बीजिंग) चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासमवेत राजनैतिक संबंधांच्या निवेदनावर सही केली. राजवंशातला, उघडपणे राजसत्तावादी असलेला माणूस कम्युनिस्ट चीनकडे गेला, तो इंडोचीनमधील अमेरिकेचा आधार सुटत चालल्याचे ओळखून. हा कार्यकारणभाव सांगितल्याशिवाय ती तारीख नुसती तारीख राहते. त्याच वर्षी तांबोन, म्हणजे गावांच्या गटांच्या परिषदांना स्थानिक कामांसाठी थेट निधी दिला गेला, ज्यातून ग्रामस्थांना कोरड्या हंगामात मजुरी मिळाली. ४ एप्रिल १९७६च्या निवडणुकीत मात्र कुक्रित स्वतःच्या दुसित मतदारसंघात समक सुंदरवेज यांच्याकडून हरले.

शेवटी सेनी यांची वर्षे शेजारी मांडून नोंद तपासावी : १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या थाई वकिलातीत राहून आपल्याच सरकारची युद्धघोषणा अमेरिकेला न देणारे सेनी, सप्टेंबर १९४५मध्ये पंतप्रधान झालेले सेनी, २० एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे धाकट्या भावाच्या पासष्टाव्या वाढदिवशी, त्याच्याकडून पद घेणारे सेनी, आणि ६ ऑक्टोबरच्या थम्मसात विद्यापीठातील हत्याकांडानंतर त्याच संध्याकाळी लष्कराने दूर सारलेलेही सेनीच. यांपैकी एकही वाक्य कुक्रित यांच्या नावावर गेलेले आढळले, तर नोंद पुन्हा उपाधीपासून वाचावी.