आफ्रिकन ग्रे परदेशात न्यायचाय? मग तिकिटाआधी हे वाचा

पुण्या-मुंबईत आता बऱ्याच घरांत आफ्रिकन ग्रे, म्हणजे राखाडी पोपट आहे आणि घरातलं कुणी नोकरीसाठी बाहेर निघालं की पहिला प्रश्न येतो, याचं काय करायचं? नेता येतो, कायद्याने येतो, पण व्हिसा आला, तिकीट काढलं, आता बघू पोपटाचं, असं केलंत तर तो मागे राहणार हे धरून चाला.

ग्रे 2 जानेवारी 2017 पासून सायटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अपेंडिक्स वनमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे, वाघ ज्या यादीत त्याच यादीत तुमचा मिठू. पिंजऱ्यात जन्मलेला असला तरी यादी तीच राहते, फक्त कागदावरचा सोर्स कोड, म्हणजे पक्षी जंगलातला की पिंजऱ्यातला हे सांगणारं अक्षर, बदलतो. बजी, कॉकाटील हे छोटे पोपट सायटीसमध्ये नाहीत, त्यांना सायटीसचं परमिट नको, पण हेल्थ सर्टिफिकेट लागतंच. आणि आपला देशी राघू घरी असेल तर न्यायचं सोडाच, तो पाळणंच गुन्हा आहे.

सुरुवात तिकडच्या देशापासून करायची, दिल्लीपासून नाही. ऑस्ट्रेलियाला जाताय तर विषय तिथेच संपला, पाळीव पक्षी ते फक्त न्यूझीलंडहून घेतात. अमेरिकेत सायटीस आहेच, वर त्यांचा 1992 चा जंगली पक्ष्यांचा वेगळा कायदा आणि 30 दिवसांचं सरकारी क्वारंटाइन, ते आधी बुक करावं लागतं. बर्ड फ्लूमुळे कुठल्या देशातून पक्षी घ्यायचे याचे नियम मधेच बदलतात म्हणून तिथल्या पशुआरोग्य खात्याला ईमेल टाका आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं 'हो चालेल' काउंटरवर कुणी ऐकत नाही.

आता आपल्याकडचे कागद, खरी गाडी इथेच अडते. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 ला लागू झाली, त्यात सायटीसचे प्राणी कायद्याच्या शेड्यूल फोर या यादीत आले, मग 2024 च्या नियमांनी असा प्राणी पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदवायला 28 ऑगस्ट 2024 पर्यंत वेळ दिला होता. तुमचा ग्रे नोंदवलेला आहे ना? 2020 च्या, घरातले परदेशी प्राणी आपणहून जाहीर करायच्या स्वेच्छा घोषणा योजनेत जाहीर केला असेल तर ते पत्रही शोधून ठेवा. नोंदणीच नसेल तर आधी राज्याच्या वनविभागाच्या वन्यजीव शाखेत जा, कारण पक्षी कायद्याने मिळवलाय हे पटल्याशिवाय एक्स्पोर्ट परमिट निघत नाही. पक्ष्याच्या पायातली रिंग पण नीट बघा. बिनजोडाची बंद रिंग पिल्लू अगदी लहान असतानाच पंजावरून सरकवता येते, मोठ्या पक्ष्याला नाही चढत, म्हणून ती पिंजऱ्यातल्या जन्माचा चांगला पुरावा धरतात. रिंगवरचा नंबर उजेडात फोटो काढून बिल, नोंदणी, परमिट सगळीकडे तोच आहे का ते अक्षर न अक्षर जुळवा, एका ठिकाणी शून्याचा ओ झाला तरी पक्षी थांबतो.

परमिटचा क्रम उलटा करू नका. अपेंडिक्स वनला आधी तिकडचं इम्पोर्ट परमिट, मग ते जोडून आपल्या पर्यावरण मंत्रालयातल्या सायटीस मॅनेजमेंट ऑथॉरिटीकडे एक्स्पोर्टचा अर्ज. इम्पोर्टचं 12 महिने चालतं, एक्स्पोर्टचं फक्त 6, त्यामुळे प्रवासाची तारीख त्या हिशोबाने धरा. पक्षी निघून गेल्यावर मागाहून परमिट मिळवू म्हणणारा एजंट भेटला तर नमस्कार करून निघा. डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या निर्यात यादीत एक्झॉटिक (परदेशी) पक्ष्यांबद्दल त्या वेळी काय अट आहे तेही बघून घ्या.

मग सरकारी अॅनिमल क्वारंटाइनचं हेल्थ सर्टिफिकेट, मुंबईत त्यांचं स्टेशन आहे. ते शेवटच्या काही दिवसांतलंच लागतं, किती दिवसांतलं हे तो देश सांगतो. वाइल्डलाइफ क्राइम कंट्रोल ब्युरोची तपासणी पण असते, त्यांना आधी कळवून वेळ घ्या.

प्रवासाची पेटी आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या लाइव्ह अॅनिमल नियमाप्रमाणेच करून घ्या. ग्रेची चोच म्हणजे पक्कड, प्लायवूड आणि पातळ जाळी तो वाटेत कुरतडून मोकळा होईल. आत दांडी अशा उंचीवर की शेपूट तळाला टेकू नये आणि डोकं वर लागू नये, पाण्याची वाटी बाहेरून भरता यावी, जाळीवर पातळ कापड म्हणजे अंधुक राहतं आणि पक्षी शांत बसतो. गुंगीचं औषध अजिबात नको. महिनाभर आधीपासून घरीच रोज थोडा वेळ पेटीत बसवा, त्याचं आवडतं खाणं तिथेच द्या. बऱ्याच एअरलाइन केबिनमध्ये पक्षी घेत नाहीत, कार्गोने जातो, तेव्हा शक्यतो डायरेक्ट फ्लाइट बघा, मधल्या देशाचे नियम निदान डोक्याला लागत नाहीत.

विमानतळावर कार्गो एजंटला एकच गोष्ट बजावून सांगा, एक्स्पोर्ट परमिटवर प्रत्यक्ष किती नग गेले तो रकाना भरून घ्या, त्यावर सही-शिक्का घ्या, आणि ती ओरिजिनल पक्ष्याबरोबरच पाठवा. झेरॉक्स तुमच्या बॅगेत.